केरी नेमकी कुठली? ब्राउझरला गोवा शिकवणारे कीवर्ड

गोव्यात केरी नावाची किमान तीन गावं आहेत. पेडणे तालुक्यातली केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी, पलीकडच्या किल्ल्याकडे तोंड करून बसलेली. सत्तरीतली केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, अंजुणे धरणाजवळ. तिसरी फोंड्याची, विजयादुर्गेच्या देवळाची. माणसांचं यात काही अडत नाही. हरमलच्या रस्त्यावर कोणी ‘केरीला जातो’ म्हणालं, तर त्याला चोर्ला घाट दाखवायला कोणी जात नाही. संगणकावर चालणाऱ्या चाचणीला मात्र ही समज आपोआप येत नाही. तिला ती कोणीतरी शिकवावी लागते, आणि कुठे व कशी शिकवावी यावर त्या चाचणीचं आयुष्य ठरतं.

उदाहरणासाठी जमिनीच्या उताऱ्याचा एक फॉर्म घेऊ. महाराष्ट्रात जो सातबारा, त्याच्या जागी गोव्यात ‘फॉर्म एक आणि चौदा’. बोलण्यात नुसतं ‘एक-चौदा’. हा उतारा आता घरबसल्या मिळतो. अशा फॉर्मवर साधारणपणे आधी तालुका निवडायचा, मग गाव, मग सर्व्हे नंबर आणि त्याचा पोटविभाग. कागदावर चार गोष्टी. पण फॉर्म बनवणाऱ्याने काहीही बदललं की त्या चारही गोष्टी पेडण्यापासून काणकोणपर्यंत पुन्हा तपासायला हव्यात. तालुके १२, गावं शेकड्यांनी. माणसाने हाताने तपासायचं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं लक्ष उडालेलं असतं आणि चूक नेमकी तिसऱ्या दिवशीच्या गावात असते.

म्हणून ब्राउझर स्वतःच चालवणारी साधनं आली. त्यातलं सगळ्यात पसरलेलं सेलेनियम. शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्सने २००४ मध्ये ते लिहायला घेतलं. त्या काळी चाचणीच्या महागड्या साधनांच्या बाजारात मर्क्युरी नावाच्या कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा चालतो, या विनोदातून नाव पडलं. पुढे सायमन स्टुअर्टचं वेबड्रायव्हर त्यात मिसळलं, २०११ मध्ये सेलेनियम २ आलं, आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हरला वेबच्या जागतिक मानकाचा दर्जा मिळाला. आज क्रोम असो की फायरफॉक्स, बाहेरून हुकूम घेण्याची त्यांची भाषा तीच आहे.

पण ती भाषा फार खालच्या पातळीवरची आहे. हा घटक शोध, त्यावर क्लिक कर, त्यात ही अक्षरं टाक, त्याचा मजकूर वाच. मामलेदार कचेरीतल्या नव्या शिपायाला ‘जा, मोरजीचा एक-चौदा काढून आण’ असं सांगण्याऐवजी ‘उजवा पाय उचल, दाराची कडी डावीकडे सरकव’ असं सांगत बसण्यातला हा प्रकार. चाचणी चालते, पण वाचणाऱ्याला ती कशाची चाचणी आहे हे कळत नाही. ज्या माणसाला ते कळायला हवं, म्हणजे ज्याला जमिनीचे व्यवहार समजतात, तो हे वाचतच नाही.

या दोन पातळ्यांमधला पूल म्हणजे कीवर्ड. कीवर्डवर चालणाऱ्या चाचणीची कल्पना जुनी असली, तरी तिला सुटसुटीत रूप दिलं ते रोबोट फ्रेमवर्कने. फिनलंडच्या पेक्का क्लार्क यांच्या पदव्युत्तर प्रबंधातल्या विचारातून ते उभं राहिलं, पहिली आवृत्ती २००५ मध्ये नोकियात तयार झाली आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. नावात रोबोट असला, तरी यंत्रमानवाशी त्याचा काही संबंध नाही. गोवा सरकारने शाळांसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची ‘केअर्स’ योजना आणल्यापासून तिथल्या एखाद्या पालकाचा असा गैरसमज झाला, तर त्याला दोष देता येणार नाही.

रोबोट फ्रेमवर्कमध्ये चाचणी म्हणजे एक तक्ता असतो. ओळीच्या सुरुवातीला कीवर्डचं नाव, पुढे किमान दोन रिकाम्या जागा सोडून त्याला द्यायची माहिती. ‘उतारा मिळव’, मग ‘पेडणे’, मग ‘केरी’, मग सर्व्हे नंबर. नावाच्या पोटात एकच रिकामी जागा असली तर ती नावाचाच भाग धरली जाते, आणि नाव जुळवताना ती जागा, अधोरेखा, इंग्रजी लहान-मोठी अक्षरं या सगळ्यांकडे दुर्लक्ष होतं. ब्राउझर चालवण्याचे तयार कीवर्ड सेलेनियम लायब्ररीत असतात: ब्राउझर उघड, यादीतून निवड, पानावर अमुक मजकूर आहे का पाहा. मूळ लायब्ररी पायथनमधली. जावा वापरणाऱ्यांसाठी तिचा जावा अवतारही लिहिला गेला. मात्र ‘उतारा मिळव’ हा कीवर्ड यांपैकी कुठल्याच लायब्ररीत सापडणार नाही. तो ज्याचा त्याने लिहायचा असतो.

रोबोट फ्रेमवर्क ५ येईपर्यंत जावात तो लिहिणं दिसायला अगदी सोपं होतं; नंतर काय बदललं ते शेवटाकडे येईल. एक क्लास करायचा, त्यात सार्वजनिक मेथड लिहायची, क्लासची जार फाइल रोबोटला सापडेल अशा मार्गावर ठेवायची आणि चाचणीच्या वर लायब्ररी म्हणून तिचं नाव द्यायचं. मेथडचं नाव हाच कीवर्ड. त्यातही एक मौज अशी, की जावाला मेथडचं नाव इंग्रजीतच हवं असा नियम नाही. अक्षर, काना, मात्रा, हलन्त हे सगळं त्याच्या नियमांत बसतं. म्हणजे ‘उतारामिळव’ ही कायदेशीर जावा मेथड आहे. व्यवहारात बहुतेक जण नाव रोमीतच ठेवतात, कारण कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा.

अडचण पुढे येते. नव्या क्लासला ब्राउझर कुठून मिळणार? नवशिक्या जावा प्रोग्रॅमर सहज सेलेनियम लायब्ररीची नवी प्रत तयार करतो आणि तिच्यावर क्लिक करायला जातो. उत्तर येतं की ब्राउझर उघडलेलाच नाही. समोर तर उघडा दिसतोय! तो उघडा आहे रोबोटने आधी तयार केलेल्या प्रतीत, या नव्या प्रतीत नाही. उपाय असा, की रोबोटच्या अंगभूत ‘बिल्टइन’ लायब्ररीला विचारायचं: सध्या वापरात असलेली सेलेनियम लायब्ररी माझ्या हाती दे. तिच्याकडून चालू ब्राउझरचा ताबा मिळतो आणि मग पुढचं सगळं त्याच खिडकीत घडतं. याच्याच जोडीचा दुसरा खड्डा म्हणजे लायब्ररीची व्याप्ती. आपण काही सांगितलं नाही, तर रोबोट प्रत्येक टेस्ट केसला क्लासची कोरी प्रत देतो. मागच्या टेस्टने लक्षात ठेवलेला तालुका पुढच्या टेस्टला आठवत नाही. बहुतेक वेळा हे चांगलंच असतं. एकीची घाण दुसरीत सांडत नाही. पण जे सगळ्यांना मिळून एकदाच हवं, त्यासाठी व्याप्ती मुद्दाम वाढवून घ्यावी लागते.

आता केरीकडे. कीवर्डला फक्त गावाचं नाव दिलं तर तो कुठल्या केरीचा उतारा आणेल, हे फॉर्मच्या मर्जीवर. म्हणून तालुका ही सक्तीची माहिती ठेवायची, ऐच्छिक नाही. हा निर्णय जावाचा नव्हे, गोव्याचा भूगोल माहीत असलेल्या माणसाचा आहे. डिचोलीत नावेली आहे, सासष्टीतही नावेली आहे. आणखी एक अडचण लिपीतल्या रूपांची. पोर्तुगीज अमलाखाली पेडणे-डिचोली आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत. तरी गावांच्या रोमी नावांवर पोर्तुगीज वळण पुरतं बसलं. पेडण्याचं रोमीत पेर्नेम, डिचोलीचं बिचोलिम, साखळीचं सांकेलिम. केरी तर रोमीत क्यू अक्षराने सुरू होते, आणि नव्या पाट्यांवर के अक्षरानेही. यादीत कुठलं रूप आहे ते पान बनवणाऱ्यावर अवलंबून. चाचणी लिहिणाऱ्याने ‘पेडणे’ लिहावं, आणि कीवर्डने आपल्या पोटातल्या तक्त्यात पाहून यादीतलं खरं रूप शोधावं, ही विभागणी उत्तम. उद्या यादी बदलली तर तक्ता एका जागी बदलतो. २०११ मध्ये सांगे तालुक्यातून धारबांदोडा वेगळा झाला, तेव्हा ज्यांच्या चाचण्यांत तालुके शंभर ठिकाणी लिहिलेले असतील त्यांना शंभर ठिकाणी हात घालावा लागला असता.

तालुका निवडला की गावांची यादी मागून येते. या ‘मागून’मध्ये चाचण्यांचे निम्मे घोटाळे लपलेले असतात. यंत्र माणसापेक्षा कितीतरी पट घाईचं. पेडणे निवडल्यावर यादी बदलण्याआधीच ते गाव शोधू लागतं, आणि आधीच्या सत्तरीच्या यादीत त्याला केरी सापडतेही! चाचणी पास, उतारा मात्र घाटाखालचा. असं खोटं यश अपयशापेक्षा वाईट. पुष्कळ जण यावर ‘पाच सेकंद थांब’ असा उपाय करतात. तो पणजीच्या वातानुकूलित कचेरीत चालतो. जुलैच्या पावसात जिथे नेट मधूनमधून जातं तिथे पाच सेकंद कमी पडतात, आणि एरवी ते फुकट जातात. कीवर्डने वेळेची नव्हे, घटनेची वाट पाहावी: यादीत मोरजी किंवा मांद्रे दिसेपर्यंत थांब, ठरावीक मर्यादेनंतर हार मान. सेलेनियममध्ये यासाठी वेगळा ‘वेट’ आहे. दोन घटनांच्या मधला हा थांबा कीवर्डच्या आत गेला, की चाचणीच्या तक्त्यात त्याचा मागमूस राहत नाही.

गोव्यातल्या नावांनी केलेली सगळ्यात मजेदार खोडी मात्र एका चिन्हाची आहे. पानावरचा घटक शोधण्यासाठी एक्सपाथ नावाची पत्त्याची भाषा वापरतात, आणि तिच्यात मजकूर अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. गोव्यात डिसोझा, डिसिल्वा, डिमेलो ही आडनावं रोमीत लिहिताना डीनंतर वर एक स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं. पत्ता एकेरी अवतरणात असेल तर ते चिन्ह अवतरण मध्येच बंद करून टाकतं आणि पत्ता मोडतो. ब्राउझरमधल्या एक्सपाथच्या पहिल्या आवृत्तीत अशा चिन्हाला सुटका देण्याची सोयच नाही. मजकुराचे तुकडे करून ते जोडावे लागतात. सेलेनियमच्या जावा भागात हे काम करणारी छोटी सोय आहे, फक्त ती आठवणीने वापरायला हवी. नाईक, गावस आणि परब यांच्यावर चालवलेली चाचणी दहा वर्षं हिरवी, म्हणजे पास, राहील आणि पहिल्या डिसोझाला लाल होईल. म्हणून चाचणीसाठी नावं निवडताना वाड्यावरची सगळी माणसं आठवावीत.

देवनागरीच्या खोड्या वेगळ्या. गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी ही राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली, तेव्हा पानावर देवनागरी येणारच. ‘गोऱ्हे’ हे आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता असे दोन संकेतांक जोडून. तिसरा मार्ग म्हणजे र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच, जावाच्या दृष्टीने तीन वेगळे शब्द. टंकणाऱ्याने कुठला कीबोर्ड वापरला, यावर चाचणी पास की नापास हे ठरतं. जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात ‘नॉर्मलायझर’ आहे. तो पहिले दोन प्रकार एकरूप करतो. तिसऱ्यासाठी आपला नियम लिहावा लागतो. ‘नाव जुळतं का पाहा’ असा कीवर्ड एकदा नीट लिहिला, की पुन्हा या खोलात कोणाला उतरावं लागत नाही. तयार लायब्ररी वाढवण्याचं याहून चांगलं कारण शोधूनही सापडणार नाही.

आकड्यांची गंमत उलट दिशेची. पेडण्याचा पिन ४०३५१२, डिचोलीचा ४०३५०४. हे आकडे देवनागरीत टंकले, तर जावाचं आकडा वाचणारं फंक्शन ते बिनतक्रार समजून घेतं. पानावर चालणारी जावास्क्रिप्ट मात्र ‘हा आकडाच नाही’ म्हणते. म्हणजे चाचणीचा कोड पानापेक्षा उदार निघाला. अशा ठिकाणी कीवर्डने आकडे स्वतः बदलून देऊ नयेत. जे माणूस टंकेल तेच टाकावं आणि पान काय करतं ते पाहावं. कीवर्डची हुशारी कुठे थांबली पाहिजे, याचं हे बरं उदाहरण आहे.

ती हद्द अनेकदा ओलांडली जाते. एखादा कीवर्ड इतका मदतीला येतो की तो पानाच्या चुका झाकू लागतो: गाव सापडलं नाही तर जवळचं नाव घेतो, बटण दाबलं गेलं नाही तर तीनदा दाबतो. अहवाल हिरवागार, आणि मये गावचा माणूस फॉर्मसमोर डोकं खाजवत बसलेला.

मयेचं नाव इथे उगाच आलेलं नाही. डिचोली तालुक्यातल्या या गावची बरीच जमीन पूर्वी एका पोर्तुगीज सरदारी घराण्याकडे होती; १९६१च्या मुक्तीनंतर ती निर्वासित मालमत्ता म्हणून सरकारनियुक्त कस्टोडियनच्या ताब्यात गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांच्या हक्काचा प्रश्न दशकानुदशकं लोंबकळला. २०१४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. चाचणी लिहिणाऱ्याला यातून शिकण्याची गोष्ट अशी, की उताऱ्यावर कब्जेदाराच्या जागी नेहमी माणसाचंच नाव असेल असं गृहीत धरता येत नाही. ‘कब्जेदाराचं नाव वाच’ हा कीवर्ड नाव आणि आडनाव अशी दोन तुकड्यांची अपेक्षा करत असेल, तर तो अशा उताऱ्यावर कोसळतो. शहरी भूमापन झालेल्या भागात तर सर्व्हे नंबरच नसतो, तिथे पी. टी. शीट आणि चलता नंबर लागतो. एकाच कीवर्डमध्ये दोन्ही कोंबण्यापेक्षा दोन कीवर्ड केलेले बरे.

जमिनीवरून आकाशाकडे गेलं तरी पेडणे सुटत नाही. मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. त्याआधी विमानाची तिकिटं काढायच्या कुठल्याही पानावर गोवा म्हणजे दाबोळी, जीओआय. आता मोपा, म्हणजे जीओएक्स, शेजारी येऊन बसलं. ‘गोवा टंक आणि पहिला पर्याय निवड’ असं लिहिलेली चाचणी त्या दिवसापासून नशिबावर चालू लागली. जिथे ‘विमानतळ निवड’ असा कीवर्ड होता आणि त्याला तीन अक्षरी संकेत दिला जात होता, तिथे काहीच करावं लागलं नसेल.

आता जावाची बातमी, आणि ती फार गोड नाही. रोबोट फ्रेमवर्क पायथनमध्ये लिहिलेलं. जावाचे क्लास ते थेट वापरू शकायचं ते जायथनच्या जोरावर, म्हणजे जावाच्या यंत्रावर चालणाऱ्या पायथनच्या. जायथन पायथन २.७ च्या पुढे गेलं नाही. २०२२ मध्ये आलेल्या रोबोट फ्रेमवर्क ५ ने जुन्या पायथनबरोबर जायथनलाही रजा दिली. जावातले कीवर्ड अजूनही वापरता येतात, पण दूरस्थ लायब्ररीच्या वाटेने: जावाचा छोटा सर्व्हर चालू ठेवायचा, रोबोट त्याला ८२७० या ठरलेल्या पोर्टवर एक्सएमएल-आरपीसीच्या भाषेत निरोप पाठवतो, उत्तरात यश-अपयश आणि निकाल येतो. देवनागरी मजकूर या वाटेने सुखरूप जातो. ब्राउझर मात्र जात नाही. पायथनने उघडलेला ब्राउझर वेगळ्या प्रक्रियेत असतो, जावाला त्याचा ताबा आयता मिळत नाही. त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधीच ठरवावं: ब्राउझर सगळा जावाकडेच द्यायचा, की जावाकडे फक्त नावं जुळवण्यासारखी, ब्राउझर न लागणारी कामं ठेवायची. दुसरी वाट कमी कटकटीची.

ज्यांना जावा सोडायचीच नाही त्यांच्यासाठी ककंबर नावाचं चाचणीचं साधन आहे. कल्पना तीच, तक्त्याऐवजी वाक्यं. आणि त्यात मराठी आहे: ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’, ‘पण’ या शब्दांनी सुरू होणारी पायरी ककंबरला समजते, ‘परिदृश्य’ म्हटलं की टेस्ट केस सुरू होते. ‘परिदृश्य’ हा शब्द डिचोलीच्या बाजारात कोणी उच्चारेल असं वाटत नाही, पण ‘जेव्हा मी पेडणे तालुक्यातली केरी निवडतो’ हे वाक्य तिथला कोणीही वाचून बरोबर-चूक सांगू शकेल. प्रत्येक वाक्यामागे जावाची एक मेथड असते, आणि वर सांगितलेल्या थांब्यांपासून डिसोझांच्या चिन्हापर्यंत सगळं तिथेही जसंच्या तसं करावं लागतं.

दोन्हीकडे एका गोष्टीत सहसा कंजुषी होते: कीवर्ड अपयशी ठरल्यावर तो काय बोलतो. जावात अपवाद फेकला की त्याचाच मजकूर अहवालात उतरतो. ‘घटक सापडला नाही’ आणि त्याखाली चार ओळींचा एक्सपाथ, हे लिहिणाऱ्यालाही महिन्याने समजत नाही. अपवाद पकडून ‘डिचोली तालुक्याच्या यादीत मोरजी नाही, यादीत आहेत: मये, नार्वे, शिरगाव, साळ’ असा मजकूर द्यायला दोन ओळी लागतात. सेलेनियम लायब्ररी अपयशाच्या क्षणी पानाचं चित्र आपोआप काढून अहवालात चिकटवते, पण ती सोय तिच्या स्वतःच्या कीवर्डपुरती असते; आपल्या कीवर्डला चित्र हवं तर त्याने मागावं लागतं. मग अहवाल उघडणाऱ्याला मोरजी डिचोलीत शोधल्याची चूक चाचणीची आहे की पानाची, हे चित्र आणि ते वाक्य शेजारी ठेवून मिनिटभरात ठरवता येतं.